निर्गुडीचा शेक द्यायला कुणी आहे का?

मंडळी, आज सकाळी पाण्याची बादली उचलताना कंबर धरली.

आमच्या सोसायटीचे नवे वॉचमन नामदेवराव कन्नड तालुक्यातले. मला वाकडं चालताना पाहून त्यांनी गावाहून आणलेला निर्गुडीचा पाला हातात दिला. "सर, तव्यावर गरम करा, फडक्यात बांधा अन् कंबर शेका. लई बरं वाटतं."

"माझा हात मागं पोचणार कसा?"

"सोताच शेकता व्हय? वहिनींना सांगा की."

ही जाऊन दोन वर्षं झाली, हे त्यांना ठाऊक नाही. मी मान डोलावली.

संस्कृतात निर्गुडीला सिंदुवार म्हणतात. तिचे गुण मला तोंडपाठ आहेत. पण शेकायला दुसरा माणूस लागतो, हे कुठल्या श्लोकात वाचल्याचं आठवत नाही. शेवटी गरम पुरचुंडी गादीवर ठेवून मीच तिच्यावर आडवा झालो. ती घसरून बाजूला गेली. गादीचं दुखणं तेवढं पळालं असावं.

तेव्हा कृपा करून औषधं सुचवू नका, औषध घरात आहे. चिकलठाण्याच्या बाजूला कुणी राहत असाल, तर संध्याकाळी याल का? चहा मी करतो. पाला अजून ताजा आहे.