पाण्यातल्या बागेला ऊन

त्या सहा मजली इमारतीत लिफ्ट चालवणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. बावीस वर्षं मामा दिवसभर वरच चढत होते, पण बढती म्हणाल तर एकदाही नाही. हा विनोद त्यांचा स्वतःचाच. नवा माणूस लिफ्टमध्ये शिरला की तिसरा मजला यायच्या आत तो ऐकवल्याशिवाय मामांना चैन पडत नसे.

घर दोन खोल्यांचं, तळमजल्यावर मागच्या अंगाला. खिडकी होती, पण उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन कसलं ते त्या खोल्यांना ठाऊकच नव्हतं. मामांना झाडांची हौस फार. आजवर सात कुंड्या आणल्या आणि सातही वाळल्या. बायको पाळणाघरात काम करायची. ती म्हणायची, "माझ्याकडची पोरं बघा कशी वाढतात, आणि तुमची झाडं!"

मग चौथ्या मजल्यावरचं एक ऑफिस उठलं. तिथल्या कारकुनाने कोपऱ्यातली दोन फुटी काचेची टाकी मामांच्या गळ्यात मारली. गळ्यात मारली म्हणणं खरं नाही. मामांनी ती लेकरासारखी उराशी धरून घरी नेली. तळाला माती, वर वाळू, पाच चिमुकले मासे आणि पाण्यात वाढणारी रोपं. ऊन नसलं तरी टाकीवर दिवा होता. आता तरी बाग होईल, असं मामांना वाटलं.

कसली बाग होतेय! तो जुना ट्यूबलाइट पिवळट, थकलेला. तीन महिन्यांत रोपांचे देठ दोऱ्यासारखे लांबले, खालची पानं गळाली, आणि जे झाड लाल होईल असं दुकानदार म्हणाला होता ते चहाच्या चोथ्यासारखं दिसू लागलं. मामांनी खत बदललं, पाणी बदललं. शेवटी मासेच पानं खात असतील म्हणून त्यांच्यावरही संशय घेऊन झाला.

घरात आणखी एक माणूस होतं. सासूबाई. दोन वर्षांपूर्वी सासरे गेले, घर सोडावं लागलं, आणि घरामागची चाळीस वर्षं राखलेली बागही सुटली. लेकीकडे आल्यापासून त्या भिंतीकडे तोंड करून पडून असत. विचारलं तेवढं बोलत, वाढलं तेवढं खात. मामा त्यांना जपून वागवत, पण काय बोलावं ते मामांना सुचत नसे.

एका रविवारी सकाळी मामा टाकीत हात घालून गळलेली पानं वेचत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"जावईबापू, त्या माशांना कशाला दोष देता? झाडं उपाशी आहेत तुमची."

मामा वळले. सासूबाई उठून बसल्या होत्या.

"खत तर घालतोय, आई."

"खत नव्हे, उजेड. देठ बघा. दोन पानांमध्ये केवढं अंतर! उजेड कमी पडला की रोप असंच मान ताणतं. पाण्यातलं असो की जमिनीवरचं, झाड ते झाडच."

एवढं बोलून त्या पुन्हा आडव्या झाल्या. पण दोन वर्षांत त्या आपणहून एवढं बोलल्या नव्हत्या. बायको स्वयंपाकघराच्या दारात हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मामा माशांच्या दुकानात गेले. झाडांसाठीचा खास दिवा सुरेख होता. किंमत ऐकली आणि मामांनी दिव्याकडे शेवटचं पाहून घेतलं. पगाराचा तिसरा हिस्सा त्या एका दिव्यात गेला असता.

त्याच आठवड्यात इमारतीवरची एक जुनी चमकती पाटी उतरवायला बोर्डवाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. कमरेला पक्कड, कानामागे पेन्सिल. पाटीचे तुकडे लिफ्टमधून खाली नेताना मामांना आत पांढऱ्या दिव्यांच्या माळा दिसल्या.

"बाई, याचं आता काय करणार?"

"भंगार. तीन अक्षरं बंद पडली म्हणून मालकाने पाटीच नवी केली. बाकीचे दिवे अजून ठणठणीत आहेत."

मामांनी तळमजल्यापर्यंत टाकीची सगळी कहाणी सांगितली. बाईंनी सामान खाली ठेवलं.

"हे दिवे पांढरेशुभ्र, दिवसाच्या उजेडासारखे. झाडांना चालतील. पण मामा, पाणी आणि वीज म्हणजे विस्तवाशी खेळ. तुम्ही एकट्याने काही जोडायचं नाही. रविवारी येते मी."

आणि त्या खरंच आल्या. जुन्या खिडकीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणली. दिव्यांची उष्णता ती ओढून घेते, म्हणाल्या. पट्टीवर दिव्यांच्या चार रांगा चिकटवल्या. टाकीवर काचेचं झाकण ठेवायला लावलं. वीजपुरवठ्याचा डबा टाकीपासून दूर, भिंतीवर उंच ठोकला. वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये मुद्दाम खाली झोळ सोडला.

"हा झोळ कशाला?" मामांनी विचारलं.

"वायरवरून पाणी ओघळलं तर इथं खालीच टपकेल, प्लगात शिरणार नाही. आणि टाकीत हात घालायच्या आधी बटण बंद. रोज. विसरायचं नाही."

दिवा लागला. खोलीत असा लख्ख उजेड पडला की सासूबाईंनी डोळ्यांवर हात धरला. मामांनी मजुरी विचारली तेव्हा बाई म्हणाल्या, "भंगाराची कसली मजुरी? झाडं वाढली की एक जुडी द्या."

मामा हरखून गेले. उपाशी झाडांना आता पोटभर मिळू दे म्हणून सकाळी सहाला लावलेला दिवा ते संध्याकाळी घरी आल्यावरच बंद करत. दोन आठवड्यांत टाकी हिरवी झाली खरी, पण झाडांनी नव्हे. पानापानावर केसांसारखं शेवाळ. काच बुळबुळीत, पाणी गढूळ. मामा कपाळाला हात लावून बसले. बाईंची मेहनत मातीत गेली, असं त्यांना वाटलं.

सासूबाई काठी टेकत आल्या. खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या.

"आजारातून उठलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी पंगतीला बसवाल का?"

"नाही, आई."

"मग? सावलीतलं रोप एकदम भर उन्हात काढलंत. त्याला पचलं नाही. उरलेलं शेवाळाने खाल्लं. दिवा वर उचला. निम्म्या रांगा बंद करा. दुपारी बारा ते सहा, बस्स. वेळ मी सांभाळीन, तुम्ही जा तुमच्या लिफ्टवर."

त्या दिवसापासून सासूबाई बाराच्या ठोक्याला उठून दिवा लावू लागल्या. मामांनी दिव्याखाली लाकडाचे ठोकळे दिले, दातांच्या जुन्या ब्रशवर शेवाळ गुंडाळून काढलं, दर चार दिवसांनी थोडं पाणी बदललं. पहिला महिना धीर सुटण्यासारखा गेला. मग नवी पानं आली. जवळजवळ, दाट, ठेंगणी. तिसरी रांग लावायला सासूबाईंनी परवानगी दिली तेव्हा मामांना खरोखर बढती मिळाल्यासारखं झालं.

एका रविवारी दुपारी त्यांनी हाक मारली, "जावईबापू, इकडे या लवकर!"

काय झालं म्हणून मामा धावले. लाल झाडाचे शेंडे खरोखर लाल झाले होते, आणि पानांच्या कडांवर मोत्यांएवढे बुडबुडे बसले होते. एकेक सुटून वर जात होता. झाड श्वास सोडत होतं. सासूबाईंनी बटण बंद केलं, बाही सारली आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. वाढलेला शेंडा नखाने नेमका खुडला, वाळूत पुन्हा खोचला. बोटं जराही चुकली नाहीत.

"याला लाजाळूच्या झाडासारखं भीत भीत धरायचं नाही, ठामपणे धरायचं," त्या म्हणाल्या. मग मागच्या अंगणातल्या आळ्यांबद्दल, सासऱ्यांनी एकदा तण समजून उपटलेल्या रोपाबद्दल सांगत सुटल्या. आणि हसल्या. बायको त्यांच्या मागे उभी होती. ती पदराने डोळे पुसत ऐकत राहिली.

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. मामांनी सासूबाईंचे आभार असे कधी मानले नव्हते. घरच्या माणसाचे मानायचे कसे, हेच त्यांना कळत नसे. आता घसा खाकरून ते म्हणाले, "आई, तुम्ही नसता तर ही टाकी केव्हाच रिकामी झाली असती. फार उपकार झाले."

"उपकार कसले? टॉवेल द्या, हात ओला आहे माझा." त्यांनी टॉवेल घेतला, पण तो बराच वेळ नुसता मांडीवर धरून ठेवला. "मलाही उठायला काहीतरी लागत होतंच की."

पुढच्या आठवड्यात बोर्डवाल्या बाईंना निरोप गेला. त्या आल्या, तेव्हा सासूबाईंनी ओल्या कागदात गुंडाळलेली भली मोठी जुडी त्यांच्या हातात ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घरी उजेड किती तास असतो?"