नानांची बट्टी

"जिनी कावीळमा नवराले बट्टी खावाडी, तिना हातनं ताट बाळंतीनले नको."

आत्या उंबऱ्याशी बसून शेजारणीशी बोलत होती — हळू, पण काकूला ऐकू जाईल इतपत. भडगावच्या घरी काकूची लेक बाळंत झालेली, आणि तिच्यासाठी वाढलेलं ताट घेऊन काकू दारातच थांबली.

तोवर हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

नाना, म्हणजे माझे काका, कावीळ होऊन गेले. पथ्य कडक होतं. तेल नाही, तूप नाही, हळदसुद्धा नाही. मी जळगावच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला आलेली. सगळे शेतात होते. नाना म्हणाले, "बेटा, जराशी बट्टी दे. कोनले सांगू नको." कणकेची तळलेली बट्टी मी दिली. वर तूप ओतून. त्यांनी बोटं चाटली.

आठवडाभरात ते गेले. खाटेखाली तुपकट वाटी सापडली आणि सगळे काकूकडे वळले. ती नाही म्हणाली. कुणी ऐकलं नाही. आणि मी? पुस्तकात डोकं घालून बसले.

शाळकरी पोर, घाबरली असेल — म्हणाल तुम्ही. बरं. पण पुढे धुळ्याला, डॉक्टरकी शिकताना? तिथे कावीळ होऊन गेलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन पाहिलं. यकृत आकसलेलं, कडक, गाठीगाठींचं. सुरी अडखळत होती. असं व्हायला वर्षं लागतात, सर म्हणाले. पोटात पाणी, पिवळे डोळे, रक्ताची उलटी — नानांचंही सगळं हेच तर होतं. एका जेवणानं काय होणार होतं त्यात?

तेव्हा माझ्या मनात काय आलं, सांगू? सुटले. मी सुटले. काकूची आठवणही झाली नाही.

त्यानंतर कितीदा भडगावला गेले. काकू आग्रह करकरून वाढायची. मी जेवायचे, हात धुवायचे आणि निघायचे.

त्या दिवशी मात्र उठले. काकूच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"आत्या, नानांना बट्टी मी दिली होती. काकूला माहीतही नव्हतं. आणि नाना बट्टीनं गेले नाहीत, त्यांचं यकृत कितीतरी आधीच निकामी झालं होतं. सरका. काकूला आत जाऊ द्या."