नाव वायगोळ्याचं

पेजेचं वाडगं तिसऱ्या दिवशीही जसंच्या तसं परत आलं, तेव्हा ठकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उत्रोलीत घरोघरी सकाळ व्हायची ती तांदळाच्या पेजेनं. आणि हिच्या नवऱ्यानं, पासष्टीच्या रखमाजीनं, पेज सोडली, ताक सोडलं, पाण्याच्या तांब्याकडंही बघेना. कोरडी भाकरी, लाल चटणी आणि तंबाखूची चिमूट, एवढ्यावर गडी दिवस काढायचा. नवस बोललाय का म्हणून तिनं खोदून विचारलं, तर अंगावर खेकसला. जळलं मेलं ते लक्षण!

कारण होतं पंगतीचं, पण ते तिला कोण सांगतो? रखमाजी भावकीत सगळ्यांत वडील. लग्न असो, बारसं असो, पहिलं पान त्याचं. तो उठला की सगळ्या पंगतीनं पान सोडायचं, अशी त्यांची रीत. आणि त्याला तर घटकेघटकेला लघवीला जावं लागे, गेलं तरी थेंब थेंब. आपण मधेच उठलो तर शंभर माणसं अर्धपोटी उठतील, वर हसतील ती वेगळीच. म्हणून घरचं लग्न तोंडावर येताच ह्या शहाण्यानं पाणीच तोडलं.

छत्तीस सालच्या चैत्रात पुतण्याचं लग्न झालं. रखमाजी दुपारभर मांडी घालून, दाबून बसला. घरी आला तो लघवी पुरती बंद. सकाळपर्यंत ओटीपोट डेऱ्यासारखं फुगलं. चुलतभाऊ गेनबा धावत आला. माणूस जिवाला जीव देणारा, पण शहाणपण बेताचं. धने भिजवून त्याचं पाणी पाजा, वाट मोकळी होईल, म्हणाला. ठकुबाईनं आपल्या हातानं दोन तांबे पाजले. रखमाजी गुरासारखा ओरडायला लागला, तसे तिनं कुणाला न विचारता बैल जुंपायला लावले आणि भोर गाठलं.

दवाखान्यातल्या डॉक्टर केशवरावांनी रबरी नळी घालून त्याला मोकळं केलं, मग दोघांना समोर बसवून झापलं. पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी एक गाठ असते, उतारवयात ती वाढते आणि वाट आवळते. खाण्यापिण्यानं ती विरघळत नाही. पण पाणी तोडलं, भाजीपाला सोडला, पोट साफ होईना झालं, की त्रास दुप्पट. दिवसा पाणी प्यायचं, रात्री बेतानं. तिखट-तंबाखू कमी. आणि पुन्हा अडलं तर घोटभरही काही पाजायचं नाही, त्याच पावली इथं यायचं. किती दिवस होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं.

रखमाजी म्हणाला, “तीन वर्सं.”

तीन वर्षं! एका चुलीवरचं खाल्लं, एका छपराखाली निजलो, आणि ही गोष्ट मला परक्या माणसासमोर कळावी? ठकुबाईला वाटलं, ह्या माणसाला इथंच सोडून चालू पडावं.

चार दिवसांनी गाडी परत निघाली, तर वाटेत त्यानं तिचा हात धरला. लोकांना सांग, पोटात वायगोळा उठला हुता. माझी आन हाय तुला. नवऱ्याची आन मोडली तर त्याच्याच जिवावर बेतणार, असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिनं तोंडाला कुलूप घातलं. घरात मात्र तिनं त्याला सोडलं नाही. सकाळी पेज, दुपारी ताक, दोन्ही वेळेला पालेभाजी, समोर बसून खायला लावायची. तंबाखूची चंची तर तिनं चुलीतच घातली. रखमाजीला उतार पडला.

पुढच्या वर्षी लावणी आटोपली आणि गेनबा अंथरुणाला खिळला. पोटात दुखतंय, एवढंच त्याच्या घरातून कळलं. तिसऱ्या दिवशी माणूस गेला. ठकुबाई तिकडं धावली. उशाशी धन्याच्या पाण्याचा तांब्या होता. तो बघितला आणि ती तशीच माघारी फिरली.

घरी येऊन तिनं नवऱ्याला गाठलं. “भावजींना बी तेच हुतं. तुमाला ठावं हुतं का न्हाई?”

रखमाजीनं मान वर केली नाही. “शिमग्यात त्यानं मला इचारलं हुतं. दादा, भोरला कशाचा इलाज केला, म्हनला. म्या म्हनलं, वायगोळ्याचा.”

“त्यो इचारत आला हुता! आन् तुमी तोंडावर खोटं बोलला?”

मग ती जे बोलली ते अख्ख्या आळीनं ऐकलं. आग लागो तुमच्या पंगतीला, आग लागो त्या पहिल्या पानाला. तुमची लाज शाबूत राहिली आणि माझ्या जावेचं कुंकू पुसलं गेलं. आन मोडली ती मोडली, असं म्हणून ती तशीच तरातरा गेनबाच्या घरी गेली.

गेनबाची बायको बनाबाई भिंतीला टेकून बसली होती. ठकुबाईनं तिला सगळं सांगितलं, नळीचं, डॉक्टरांच्या बोलण्याचं, शिमग्यातल्या खोट्याचं. सांगताना नवऱ्याला शिव्या घातल्या, भावकीतल्या एकूण एक पुरुषाला घातल्या.  शेवटी बनाबाईनं डोळे वर केले.

“आक्का, त्यांचं ऱ्हाऊ द्या. पानी भरायला वरीसभर आपुन संगं जात हुतो. तुमी मला का न्हाई सांगितलं?”

 ठकुबाई खाली जमिनीवर बसली.