लाली यायची वेळ

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील तमाम कातडीधारकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या बायकोच्या मावसभावाने तुमच्याकडे रोखून पाहिले, तर संध्याकाळपर्यंत तुम्ही लाल होणार आहात. यात आजवर चूक झालेली नाही.

हे भाऊ चंद्रपुरातल्या एका त्वचेच्या दवाखान्यात अतिनील किरणांची पेटी चालवतात. पेटी म्हणजे माणूस उभा मावेल एवढं कपाट, आत चहूबाजूंनी ट्यूबा. काळा चष्मा चढवून तुम्ही आत शिरता, दार लागतं, जांभळट उजेड भरतो आणि बाहेरून भाऊ सेकंद मोजतात, यमदूत हजेरी घेतोय अशा आवाजात. बाहेर आल्यावर अंगावर काहीच दिसत नाही. "निघाली आहे," भाऊ म्हणतात, "पोचाले सात-आठ तास लागतीन." निघालेली असते ती लाली. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते उन्हाने भाजलेल्या नवरदेवाच्या मानेवर अंगठा दाबून बघतात. दाबलं की फिकं, सोडलं की पुन्हा लाल. "काल दुपारी टोपी काऊन नाई घातली?" नवरदेव घास गिळायचा विसरतो. भाऊंच्या स्वतःच्या दंडाच्या आतल्या बाजूवर फिक्या गुलाबीपासून तांबड्यापर्यंत सहा चौकोन उमटलेले असतात, कारण पेटीत नव्या ट्यूबा बसल्या की त्यांच्यापुढे पहिला उभा राहतो तो त्यांचाच हात.

पूर्वी ते रोग्यांना "काही झालं तर फोन करा" एवढंच सांगत. एका पावसाळ्यात भामरागडकडचा रोगी घरी गेला, मागे रस्ता बंद झाला, आणि तो परत आला तेव्हा पाठीवरचे फोड वाळलेले होते. तेव्हापासून डोसाबद्दल जराही शंका वाटली, तर भाऊ लालीच्या आधी रोग्याच्या घरी जाऊन बसतात.

गेल्या हिवाळ्यात एटापल्लीची एक शिक्षिका आली. मानेवर, हातांवर कोडाचे पांढरे डाग. सोबत आई. तिने बजावलं, "एक बी फोड आला त पोरीले या पेटीत धाडत नाई." ट्यूबा नेमक्या नव्या, म्हणजे जास्त जहाल. भाऊंनी डोस कमी केला, तरी त्यांचा चेहरा उतरलेलाच. भाऊंनी फोन करून मला गाडीसकट बोलावलं; अर्ध्या तासात मी गाडी चालवत होतो, मागे मायलेकी, आणि शेजारी भाऊ, आलापल्लीच्या सागाच्या जंगलातून जातानाही पूर्ण मागे वळून बसलेले.

"दादा, हा माणूस असाच पाहून राह्यते का?" आईने मला घाबरून विचारलं.

"पापणीसुद्धा लवत नाही," मी अभिमानाने सांगितलं.

अंगणात दिवस मावळला. कोंबड्या गप्प झाल्या. भाऊ तिच्या मनगटासमोर पाटावर, घड्याळ मांडीवर. सातला दहा कमी असताना त्या पांढऱ्या डागांत, आत कुणी हळूच कंदिलाची वात वर करावी तशी लाली चढू लागली. आईने पदर तोंडाला लावला.

"आली," भाऊ कुजबुजले. "उद्यापर्यंत गेली त डोस बरोबर. बसून राह्यली त फोड."

आम्ही मुक्काम केला. शिक्षिका वाढायला आली. "बाई, अजून भात," भाऊ म्हणाले. पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदाही म्हणाले. भूक कसली, वाढणारा हात जवळून बघायचा होता!

सकाळी लाली होतीच. नऊला फिकी झाली, अकराला नुसती गुलाबी छटा, आणि दुपारच्या आत तीही विरली. भाऊंनी अंगठा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "गेली," म्हणाले, आणि कालपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती हसत होती. पुढच्या खेपेची तारीख आईने स्वतःच ठरवली.

गाडी सुरू झाली तशी आई धावत आली. औषधाचं विचारेल म्हणून मी काच खाली केली. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"भाऊ, आणखी या जेवाले! डाग आल्यापासून माह्या पोरीच्या हातचं कोणी मागून खाल्लं नाई!"