तिखाडीचं तेल

दिवेलागणीची वेळ झाली की आईच्या अंगात काय संचारायचं देव जाणे. दिवसभर बरी असायची. ऊन उतरलं की उठायची, दाराची कडी ओढत राहायची आणि मी धरायला गेले की "कोनी पोर शे तू? सोड!" म्हणून हात झटकायची. पोटच्या मुलीला! डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजारात असं होतं. होत असेल हो, पण माझ्या मनाला कोण समजावणार? तिनं एक संध्याकाळ माझ्याजवळ शांत बसावं, एवढंच मला हवं होतं.

माझ्या लेकीनं पुण्याहून लॅव्हेंडरच्या तेलाची बाटली आणि ते वाफ सोडणारं भांडं पाठवलं. मन शांत होतं म्हणे. आमचं जळगावचं घर महागड्या साबणासारखं घमघमलं. आईनं नाक मुरडलं नि कडी ओढतच राहिली. मीच तेवढी सोफ्यावर डुलक्या घ्यायला लागले.

तेव्हा मला तिखाडी आठवली. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या उतारावर हे गवत आपोआप उगवतं. काडी चुरगाळली की गुलाबासारखा वास येतो, जरासा तिखट. आईच्या वडिलांची, आमच्या आबांची, नाल्याकाठी या तेलाची भट्टी होती. गवत फुलोऱ्यावर आलं की कापायचं, हंड्यात पाण्याबरोबर उकळायचं, झाकणाला उडदाचं पीठ लिंपायचं आणि बांबूच्या नळीतून वाफ नाल्यात बुडवलेल्या तांब्याच्या भांड्यात सोडायची. भांडं गार राहिलं की वाफेचं पाणी होतं, तेल वर तरंगतं. ते मुंबईला जायचं आणि तिथले व्यापारी ते गुलाबाच्या अत्तरात मिसळायचे. गवत आमचं, नाव गुलाबाचं! घरी उरायचं ते दुखऱ्या गुडघ्यांना. आणि लहानपणी मला झोप येईना की आई त्याचं एक बोट माझ्या कपाळाला लावायची.

धुळ्याच्या एका अत्तरवाल्याकडे बाटली मिळाली. संध्याकाळी मी आईच्या कपाळाला बोट लावलं आणि वाट पाहत बसले.

शांत कसली होते! ताडकन उठली. "पानी तपी गये! बठ्ठं तेल बळी जाई!" सगळं तेल जळून जाईल म्हणून ओरडतच मोरीकडे धावली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या वासानं मी झोपत होते, ती कधीच झोपली नव्हती. नाल्याला धार कमी झाली की भांड्याभोवतीचं पाणी तापायचं. ते उपसून गार पाणी ओतत राहणं हे घरातल्या पोरींचं काम. लग्न होईपर्यंत तिनं तेच केलं होतं.

आधी मी चिडले. एवढी धुळ्याला जाऊन आले आणि हे काय! पण तिची घालमेल बघवेना. टपात कोमट पाणी भरलं, मधे पिठाचा रिकामा डबा ठेवला आणि तांब्या तिच्या हातात दिला. ती कोमट पाणी काढायची, मी गार ओतायची. मोरीभर पाणी, दोघींच्या साड्या चिंब. आमचे हे दारातून डोकावले नि आल्या पावली परत गेले. शहाणा माणूस.

हळूहळू तिचा श्वास सावकाश झाला. पाण्यात हात बुडवून पाहिला, डब्यात वाकून बघितलं. "तेल उनं," म्हणाली. तेल आलं होतं, काम संपलं होतं. भिंतीला टेकून ती खाली बसली. मलाही हाताला धरून शेजारी बसवलं. माझे ओले हात तिनं पदरानं पुसले. कित्येक महिन्यांत तिनं मला आपणहून हात लावला नव्हता. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला.

"भलती दमनी तू, पोरी. आते घर जाय. तुनी माय वाट देखत व्हई."

"जास मी," मी म्हटलं, आणि तिथंच बसून राहिले.