फुमिकोकाकूंची पांढरी वर्तुळं

फुमिकोकाकू गेल्याचं मोहनकाकांच्या फोनवरून कळलं, आणि खरं सांगायचं तर दुःखाच्याही आधी मनात आलं ते हे, की आता विचारायचं कुणाला...

मोहनकाका कारखान्याच्या प्रशिक्षणासाठी जपानला गेले होते, ते लग्न करूनच देवासला परतले. काकू आपल्या देशात बर्फावरच्या स्केटिंगच्या दोनदा राष्ट्रीय विजेत्या होत्या. निदान त्या तसं सांगत. आमच्या कारखान्याच्या कॉलनीला ते कधी पटलं नाही. "चॅम्पियन होती तो देवास में क्या करती, भिया?" असं लोक पाठीमागे म्हणत. संशय मलाही होता. घरात एक पदक दिसत नव्हतं, भिंतीवर फोटो नव्हता. त्यांच्या मराठी-हिंदी मिसळलेल्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, की उत्तरेकडच्या एका थंड गावात, गोठलेल्या तळ्यावर त्या शिकल्या. उड्या त्यांना बेताच्याच जमायच्या. त्यांचा हातखंडा होता एका पायावर तोल धरून बर्फात वर्तुळं कोरण्याचा. परीक्षक म्हणे गुडघे टेकून ती रेघ तपासत. पुढे स्पर्धांमधून तो प्रकारच काढून टाकला आणि ऐन पंचविशीत काकू घरी बसल्या. "मला जे येत होतं, ते कोणाला नको झालं," एवढंच एकदा म्हणाल्या, मेथी निवडता निवडता.

देवासला बर्फ कुठला? कॉलनीच्या हॉलमध्ये त्या आम्हा मुलींना चाकांच्या स्केटवर शिकवत. सिमेंटच्या जमिनीवर चाळणीनं रांगोळीचा पातळ थर पसरायचा आणि त्यावर एकेका पायानं एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळं काढायची. मग काकू गाल जमिनीला टेकेल इतक्या वाकत आणि चाकांची रेघ वाचत. "इथे घाबरली," रेघेवर बोट ठेवून म्हणत. "इथे घर आठवलं." आम्ही हसायचो, पण त्यांचं कधी चुकायचं नाही.

माझे बाबा काकांच्या हाताखाली फिटर होते. आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. राज्याच्या स्केटिंग संघात निवड झाली आणि स्पर्धेचं प्रमाणपत्र मिळालं, तर इंदूरच्या कॉलेजात खेळाडूंच्या जागेवर प्रवेश आणि वसतिगृह मिळणार होतं. निवड चाचणी दोन दिवसांवर आली होती आणि हॉल तर संध्याकाळीच उघडायचा. म्हणून मी पहाटे, घरात कुणाला न सांगता, पिंपळाखालच्या सिमेंटच्या चौकात रांगोळी पसरून सराव केला. पाण्याच्या टाकीकडून कुणाच्या तरी चपला वाजल्या, तशी रांगोळी तशीच टाकून पळाले.

उजाडल्यावर पिंपळाखाली गर्दी. त्याच आठवड्यात कॉलनीच्या सचिवांच्या नातीला ताप भरला होता. पांढरी वर्तुळं, तीही पिंपळाखाली... "टोटका है ये, सीधी बात है," सचिवांनी ती करणी ठरवून टाकली. "चांगल्या घरातली बाई असं करत नाही हो," शेजारच्या वहिनींनी मान हलवली. म्हणजे बाई कोण, ते ठरलंच होतं. काकूंना बोलावणं गेलं. मी बाबांच्या मागे उभी. तोंड उघडलं असतं, तर बाबांनी स्केटही बंद केले असते आणि कॉलेजही. मी बाबांच्या पाठीआड आणखी सरकले.

काकू आल्या. सरळ वाकल्या, गाल जमिनीला टेकवला आणि रेघ वाचली. बराच वेळ. मग उठून पदर झटकला आणि म्हणाल्या, "मैंने किया. माफी."

हॉलची किल्ली त्याच दिवशी गेली. आयांनी मुलींना पाठवणं बंद केलं. काकू मात्र मला एकटीला त्यांच्या गच्चीवर शिकवत राहिल्या. चाचणी झाली, प्रमाणपत्र मिळालं. मी पदवीधर झाले, शिक्षिका झाले. हिंदी शाळेत शिकूनही आज हे मराठीत लिहिते आहे, त्याची सुरुवातही त्या गच्चीवर, काकूंबरोबर मराठी पुस्तकं वाचता वाचता झाली. पण तिथं रोज मी त्यांचा चेहरा चोरून बघायची. यांना ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर बोलत का नाहीत? त्यांच्या मायेवरसुद्धा मी संशयच घेतला.

गेल्या आठवड्यात देवासला गेले आणि काकांना विचारलं, पिंपळाची गोष्ट आठवते का.

"आठवते तर! किल्ली गेली, वर्ग गेला, आणि ही घरी आली ती खुशीत. मी म्हटलं, वेडी झालीस का? तर म्हणते, पोरीचं डावं वर्तुळ मिटलं! कुठली पोरगी, ते शेवटपर्यंत नाही सांगितलं."

डाव्या पायाचं वर्तुळ वर्गात एकट्या माझंच उघडं राहायचं; रेघेची टोकं जुळायचीच नाहीत.

"काका, ती मी होते."

"आणि मी वेडा, इतकी वर्षं बाकीच्या सगळ्या पोरींवर संशय घेतला," काका म्हणाले. "तुझ्यावर कसा घेणार? तुला तर ती त्यानंतरही शिकवत होती."

मला वाटलं, आता रागावतील. ते उठले, धुतलेल्या कपड्यांची बादली घेतली आणि गच्चीकडे निघाले. मी ती त्यांच्या हातातून घेतली. वर काकूंच्या चाकांवरच्या रोजच्या फेऱ्यांनी फरशीवर एक गोल झिजलेला आहे. काका तो ओलांडत नाहीत. कपडे वाळत घालायलासुद्धा भिंतीलगत, लांबच्या वाटेनं जातात.

"कडेनं जा गं," ते मागून म्हणाले.

मी कडेनंच चालले होते.