विकर्णाचं उरलेलं प्रकरण

कानपूरच्या निगमांच्या घरात महाभारत उंबऱ्याच्या आत येत नसे. घरात ठेवलं तर भाऊ भाऊ भांडतात आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं तर घरातलं माणूस जातं, अशी अम्मांची ठाम समजूत होती. अडचण एवढीच, की त्यांचा थोरला मुलगा गिरिजाशंकर महाभारतावर कादंबऱ्या लिहीत असे.

दिवसा तो वीजमंडळाच्या कचेरीत लोकांच्या बिलांची रडगाणी ऐकायचा आणि उरलेल्या वेळात कौरवांना विमानं पुरवायचा. दिल्लीच्या एका प्रकाशकाने पहिला भाग काढला. मुखपृष्ठावर, या जातीच्या सगळ्या पुस्तकांवर असतो तसा, एक उघडाबंब पाठमोरा धनुर्धर. अम्मांनी प्रतींचा गठ्ठा दारातच अडवला.

"अम्मा, हे ते महाभारत नव्हे. यात अर्जुनाला यंत्राचा हात आहे."

"भांडतात की नाही यात?"

"भांडतात."

"मग तेच ते."

गठ्ठा धाकट्या भावाकडे, लल्लनकडे गेला. जनरलगंजात त्याचं बनियानचं दुकान होतं. "भैया," तो आठवड्याने सांगत आला, "गिऱ्हाईक पुस्तक घेत नाही. म्हणतं, आधी या माणसाला एक बनियान दे."

लल्लनला नको तिथे हसू यायचं. वडिलांच्या तेराव्याला पंडितजींना मंत्र म्हणता म्हणता शिंक आली तेव्हा तो हसला, स्वतःच्या लग्नात सप्तपदीला हसला. अम्मांचं वाक्य ठरलेलं होतं : "ही काय दात काढायची वेळ आहे, लल्लन?" गिरिजाने त्याला जसाच्या तसा उचलून कादंबरीत घातला. भर सभेत द्रौपदीची बाजू घेणारा एकटा कौरव, विकर्ण. हा विकर्णही किल्लीने कान खाजवायचा आणि भीष्म बोलत असताना हसायचा. दुसऱ्या भागात भीमाने त्याला मारलं. मूळ कथेत तसंच आहे, शिवाय वाचकांना मध्यावर रडायला काहीतरी हवं असतं, असं प्रकाशकाकडच्या संपादिकाबाईंचं मत पडलं.

लल्लनने दुकान लवकर बंद केलं आणि थेट घरी आला.

"मारलंस मला, भैया."

"मूळ ग्रंथातच मरतो तो."

"ग्रंथात भीम विमानातून उडी टाकतो का? तिथे तुझं चालतं, आणि माझ्या वेळी ग्रंथ आठवला! ते काही नाही, पुढच्या भागात उठव मला. संजीवनी आण."

"ती रामायणातली आहे."

"मागून आण. शेजारधर्म म्हणून देतील."

गिरिजाने कबूल केलं. उठवतो म्हणाला. तेव्हा ती थट्टा होती.

त्याच पावसाळ्यात लल्लनचे डोळे पिवळे झाले. लिव्हर गेलं होतं. आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता, त्यामुळे त्याला स्वतःलाच ते लाजिरवाणं वाटायचं. "लोकांना काय सांगू? निदान प्यालो तरी असतो." दिवाळीनंतर डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्याच सुमारास प्रकाशकानेही कळवलं की तिसरा भाग काढणं परवडणार नाही. गिरिजाने ते कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या भागाला वाचक एकच उरला होता, आणि त्याला मुखपृष्ठाची गरज नव्हती.

घरात वाचायची सोय नव्हती म्हणून वाचन बाहेर ओट्यावर चाले. लल्लनची बायको सरोज त्याला रजईत गुंडाळून वेताच्या खुर्चीत आणून बसवी. अम्मा दाराच्या आत निमोन्यासाठी, म्हणजे तिकडच्या मटारच्या आमटीसाठी, मटार सोलत बसत आणि मुळीच ऐकत नसत.

"हळू वाच रे," आतून आवाज येई. "कर्णाचं काय झालं ते नीट कळलं नाही."

मग पूस, म्हणजे पौष, लागला आणि धुकं उतरलं. समोरचा दिव्याचा खांब दिसेनासा झाला. लल्लनचे दात वाजायला लागले तेव्हा अम्मांनी दार उघडलं. "आत या. पोर गारठलं तर तुझं महाभारत काय चाटायचंय?" गिरिजा बघतच राहिला. इतक्या वर्षांत त्याचे सगळे युक्तिवाद हरले होते, आणि ते काम थंडीने केलं. "पण शेवटचं प्रकरण घरात वाचायचं नाही," अम्मा म्हणाल्या. "ते बाहेर."

अशी कादंबरी घरात आली. एकेक करत प्रकरणं संपली. विकर्ण रणांगणाच्या कडेला पडलेला, कृष्ण उसनी मुळी घेऊन पोचलेला. आता एकच प्रकरण राहिलं, तो उठतो ते.

"उठव आता," लल्लन म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"धुकं निवळू दे. ओट्यावर बसून वाचू."

"अम्मा झोपलीय. वाचून टाक."

पानं गिरिजाच्या हातात होती. जुन्या कथा अंधश्रद्धेतून सोडवल्या पाहिजेत, असं त्याने एका स्थानिक वर्तमानपत्राला फोटोसकट सांगितलं होतं. वाचल्याने काही होत नाही हे त्याला माहीत होतं. काही होत नाही, तर मग कशाला उगाच, असंही त्याला वाटलं.

"त्यावर अजून हात फिरवायचाय," तो म्हणाला.

"घाबरलास, भैया."

"नाही रे."

"बरं, एवढं तरी सांग. उठल्यावर मी काय करतो?"

"ते ऐकायचं असतं. सांगून मजा जाते."

"उद्या मग," लल्लन म्हणाला, आणि हसला.

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. तिसऱ्या दिवशीही. संक्रांतीच्या, म्हणजे तिकडच्या खिचडीच्या सणाच्या, आदल्या दुपारी सरोज पाणी तापवत असताना लल्लन गेला. धुकं त्यानंतरही बरेच दिवस तसंच राहिलं.

तेरावं झाल्यावर सरोज गिरिजाला म्हणाली, "भैयाजी, शेवटच्या सकाळी त्यांनी मला दोनदा खिडकीशी पाठवलं. खांब दिसतो का बघ, म्हणाले." तिचा सूर तक्रारीचा नव्हता.

संध्याकाळी अम्मांनी त्याला बोलावलं.

"तो उठला का रे? तुझा विकर्ण?"

"उठला, अम्मा."

"वाच."

"इथे? घरात?"

"आता कुणाला जपायचंय?"

गिरिजाने पानं काढली आणि रिकाम्या खुर्चीकडे न बघता वाचायला लागला. संजीवनी विकर्णाच्या ओठांना लागली. त्याने डोळे उघडले. सभोवार प्रेतं, गिधाडं, मोडलेले रथ, आणि समोर प्रत्यक्ष भगवंत हात जोडून उभे. ते बघून विकर्णाला हसू आलं. तो कितीतरी वेळ हसतच राहिला.

"ही काय दात काढायची वेळ आहे," अम्मा सवयीने बोलून गेल्या, आणि पुढचं नाव त्यांच्या तोंडातच राहिलं.